घुमटातली कोरी जागा

३ मार्च, सोमवार
पोहोचलो. वेधशाळेने दिलेलं घर दोन खोल्यांचं, पण खिडक्या पाच. पडदे तीनच आणलेत म्हणून बायकोने माझ्याकडे पाहिलं. सामान तिनेच बांधलं होतं; पण सव्वीस वर्षांच्या संसारात कार्यकारणभाव इतका सरळ चालत नाही. काम मनासारखं आहे: सभागृहाच्या घुमटात आतून काळवंडलेलं आकाश पुन्हा रंगवायचं. तारे एक हजार बावीस. संचालिकाबाई म्हणाल्या, कल्पनाशक्ती घरी ठेवून या. म्हटलं, ती सामानात बांधलीच नाही. त्या हसल्या नाहीत. खगोलशास्त्रज्ञांपर्यंत विनोद पोहोचायलाही बहुधा काही वर्षं लागतात.

६ मार्च, गुरुवार
परांचीवर उताणा पडून दिवसभर ठिपके देतो. ईशान्येला हातभर जागा कोरी आहे. नकाशातही तिथे काही नाही, पण चित्राचा तोल जातो. म्हातारा रखवालदार म्हणाला, साहेब, तेवढी राहू द्या. आधीच्या चित्रकाराने तिथे ठिपका दिला आणि मग स्वतःच खरवडून काढला. पुढे काय झालं, विचारलं. म्हणाला, आले होते ते दोघं, गेले एकटे.
कोणाच्या संसारात काय बिनसेल, सांगता येत नाही.

८ मार्च, शनिवार
बायको डबा घेऊन आली. घुमटाखाली मान वर करून म्हणाली, एवढ्या चांदण्या, त्यात माझी एक नाही. चांदणी आणून देतो, असं खोटंसुद्धा कधी म्हणाला नाहीत. म्हटलं, प्रमाणाशिवाय बोलायची सवय नाही. पण ती गेल्यावर, तोल सांभाळायला म्हणून, कोऱ्या जागेत मोहरीएवढा ठिपका दिला. संध्याकाळी सांगितलं, तो तुझा. ती लाजली. या वयात! मलाही बरं वाटलं.

११ मार्च, मंगळवार
संचालिकाबाई चक्क हसल्या. ईशान्येला नवा तारा उगवलाय, कोणत्याही नकाशात नसलेला. जागा मी डोळे मिटून सांगितली असती. निव्वळ काकतालीय. बायको अंगणात त्याच्याकडे बघत बसली. चहा गार झाला, तरी उठली नाही.

१३ मार्च, गुरुवार
तारा आता भर दुपारी दिसतो. घुमटातला ठिपका बोराएवढा झालाय. मी ब्रश लावलेला नाही. बायको खिडकीत उभी होती; तिच्या खांद्यातून पडद्याची नक्षी दिसली. चष्मा पुसला. तरी दिसली. ती म्हणते, हल्ली अगदी हलकं वाटतं.

१४ मार्च, शुक्रवार
पातं घेऊन चढलो. एकच ओरखडा काढला. घरी धावत आलो तर ती जमिनीवर, डावा हात छातीशी धरून. दोन बोटं नाहीत. रक्त नाही, जखम नाही — बोटंच नाहीत. रखवालदार म्हणाला, खरवडलं तर माणूस तिथल्या तिथे संपतं. ठेवलं तर वर जातं. मधलं काही नाही.

१५ मार्च, शनिवार
ठिपक्यावर निळ्या रंगाचे तीन हात दिले. उजेड रंगातून वर आला. ती म्हणाली, अहो, फार दमू नका. मग म्हणाली, भीती वाटत नाही, पण तिकडे बोलायला कोणी नसेल ना —

१६ मार्च, रविवार
कप उचलला गेला. हात दिसला नाही. आवाज आहे अजून. खोलीत शोधावा लागतो. दर वेळी थोडा वरून —

१७ मार्च, सोमवार
घरात आवाज नाही. हाका मारल्या. पाचही खिडक्यांतून —
परांचीवर आहे. वही गुडघ्यावर. तिच्या ठिपक्याला खेटून दुसरा दिला, माझ्या नावाने. मोहरीएवढा नाही, ताटाएवढा. तिला गाठायचं तर वाढायची वाट बघून चालणार नाही. तोल पार गेला चित्राचा. जाऊ दे.
रखवालदार खालून काहीतरी ओरडतोय. लांबून येतं ते.
लिहिता हात — त्यातून खालच्या ओळी वाचता येतात —
वरून ती म्हणतेय, अहो, सावकाश, इथे पायरी ना