राहिलेली परवानगी

डिंडोली, सुरत
२० एप्रिल १९९८

प्रिय प्रफुल्ल,

एवढं लिहिलं आणि पेन हातात धरून नुसती बसून राहिले. गल्लीतल्या बायकांची इतकी पत्रं मी लिहून दिली, कुणाच्या नवऱ्याला, कुणाच्या भावाला, कधी शब्दाला अडले नाही. आज स्वतःच्या पोराला लिहायचं तर आधी चहा केला, मग साड्यांचे धागे कापून गठ्ठा संपवला, मग घासलेलीच भांडी पुन्हा घासली. आता घासायला काही उरलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. वैशाख पौर्णिमेला बोधगयेला तुला भिक्खूची दीक्षा मिळायची आहे, पण आईवडील दोघांचीही परवानगी असल्याशिवाय भन्ते दीक्षा देत नाहीत, असं तू लिहिलंस. मला तो नियम ठाऊक होता. आपल्या विहारात एकदा ऐकला होता. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, घरी कुणालाही न विचारता दीक्षा दिली तेव्हा त्याचा आजा, म्हातारा शुद्धोदन राजा कळवळला, आणि पुढे कुठल्याच आईबापाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून त्याने बुद्धांकडून हा नियम मागून घेतला. तेव्हा मी मागे बसून मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण पुसत होते, एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. त्या राजाला काय माहीत, अडीच हजार वर्षांनी डिंडोलीतल्या एका धागे कापणाऱ्या बाईच्या हातात तो केवढी सत्ता देऊन ठेवतोय.

तुझ्या आबांनी त्याच दिवशी हो म्हटलं. पत्र त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं, "जाऊ दे त्याले" म्हणाले, आणि स्वतः पोस्टात जाऊन कार्ड टाकून आले. राहिले मी. तू शेजारच्या सरलाबाईंच्या फोनवर दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी विहारात गेले आहे असं तुला सांगितलं गेलं. दुसऱ्या वेळी मी फोनला खेटूनच उभी होते. बिचाऱ्या सरलाबाईंना माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, आणि त्या ते इतक्या जोरात बोलल्या की माझ्या श्वासाचा आवाज तुला ऐकू गेला नसावा. मला तुझा ऐकू येत होता.

खरं सांगायचं तर मला तुझा राग आला होता. अजून थोडा आहे. दर रविवारी विहारात चल म्हणून मी तुझ्या मागे लागायचे, आणि तू गिटार घेऊन मागच्या दाराने पसार व्हायचास. पंचशील तुझ्याकडून पाठ करून घेताना माझा घसा बसला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी म्हण आहे. आपल्यात देव नाही, तरी म्हण लागू पडायची ती पडलीच. मी म्हणत होते पोराने आठवड्यातून एक तास हात जोडून बसावं. सगळा जन्मच दे असं मी कुठे म्हटलं होतं?

आबांचे चांगले कान तुला आठवत नसतील. शिंदखेड्याहून आम्ही सुरतेला आलो तेव्हा त्यांना गल्लीच्या टोकाला पडलेली सुई ऐकू यायची. पण कारखान्यात कापड विणणारे सगळे संचे एकदम चालू झाले की शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. तिथे माणसं हातांनी आणि ओठांनीच बोलतात. हळूहळू ते घरीही तसेच बोलायला लागले. मी भाजीत मीठ विसरले तर चिमटीने हवेत मीठ टाकून दाखवायचे. तू आणि जागृती, दोघं भावंडं त्यांच्याशी बोटांनी बोलायला शिकलात, मला ते कधी नीट जमलं नाही. आधी डावा कान गेला, मग उजवा अर्धा. माझी हाक, तुमचं भांडण, विहारातली वंदना, सगळं त्यांच्यासाठी एकसारखं पुसट झालं.

आणि मग तुझी ती गिटार आली. तुझ्या दोस्ताने, वाल्मिकने ड्रम आणले, आणि रविवारी बंद असलेल्या संच्यांच्या खात्यात तुमचा गोंधळ सुरू झाला. तिथून शेठने हाकललं तेव्हा आपल्या गच्चीवर. गल्ली नुसती पेटली. सरलाबाई तर लाटणं घेऊन जिना चढल्या होत्या. मी त्यांना थांबवलं नाही, उलट वाट करून दिली. पण वर जाऊन पाहतो तर तुझे आबा त्या मोठ्या स्पीकरच्या बॉक्सवर तळहात ठेवून बसलेले, डोळे मिटलेले, मान डोलते आहे. तो बॉक्स त्यांनीच जुन्या प्लायवूडचा बनवून दिला होता तुला. आम्हाला बघून म्हणाले, "मना पोऱ्या वाजाडी ऱ्हायना." आपला पोरगा वाजवतोय, हे ते आम्हाला कौतुकाने सांगत होते. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा काहीतरी धडपणे ऐकू आलं होतं. सरलाबाई लाटणं पदराखाली घेऊन खाली उतरल्या आणि पुन्हा कधी तक्रारीला आल्या नाहीत. संच्याचाच ठेका तू गाण्यात घातला होतास, हे मला कधी कळलं नसतं. ते त्यांनी त्यांच्या हाताने ओळखलं.

पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. तुमची 'रातपाळी' नावाची कॅसेट आली, टीव्हीवर तुझे ते मोकळे सोडलेले केस उडताना दिसायला लागले, स्टेशनजवळ भिंतीवर तुझं चित्र लागलं. केस काप, केस काप म्हणून मी कॉलेजपासून ओरडत आले होते. आता तू सगळेच उतरवणार म्हणतोस, तर मला ते तेल लावून विंचरलेले आठवतात. सुरतेच्या कार्यक्रमाला तू आम्हाला पुढे बसवलंस. मी कानात कापूस घालून बसले होते, आणि घरी आल्यावर तुला म्हणाले की डोकं दुखलं, बाकी काही म्हणाले नाही. तू हसलास. त्यावर आपण पोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी तू मुंबईला गेलास. त्या रात्री हजारो पोरं माझ्या पोराबरोबर गात होती आणि आबांनी समोरचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मला केवढा अभिमान वाटला होता, ते सांगायला काय जात होतं माझं? आज तेवढंच सलतं. तेव्हा वाटलं, पुढच्या वेळी सांगू. गाणी काय, येतच राहणार होती.

मग मागच्या वर्षी तू कार्यक्रमात गाणं अर्धं सोडून स्टेजवरून उतरलास. वाल्मिक सांगत आला तेव्हा मला वाटलं तब्येत बिघडली. तू घरी आलास, दोन दिवस राहिलास, गिटारची पिशवी उघडलीसुद्धा नाहीस. कानात सारखी शिट्टी वाजते म्हणालास. रविवारी मी विहारात निघाले तर न सांगता चपला घालून माझ्यामागे आलास आणि सगळे उठून गेल्यावरही सतरंजीवर बसून राहिलास. मला इतका आनंद झाला की मी येताना शेव-खमणी घेऊन आले. मग इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर, मग तुझं ते पांढरे कपडे घालून बोधगयेला राहणं. तू लिहिलं आहेस की हजारो माणसं तुझं नाव घेऊन ओरडत होती आणि तुला स्वतःच्या मनातलं काही ऐकू येत नव्हतं. संच्याने आबांचं जे केलं तेच मी स्वतःचं करून घेत होतो, असंही लिहिलंस. हे वाक्य मी आबांना दाखवलं नाही, पण पत्र तर त्यांनी दोनदा वाचलं आहे. तू तिथे शांत झोपतोस हे वाचून बरं वाटलं. आईला दुसरं काय हवं असतं, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं.

इकडची हालहवाल सांगते. जागृतीला बारडोलीला दुसरी मुलगी झाली, जावई साखर कारखान्यात कायम झाले. वाल्मिक आता लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. चिडून नाही, पण तुझं नाव निघालं की विषय बदलतो. एकदा त्याच्याशी बोल. तुझं तुला सापडलं, पण त्याच्याजवळ तुमचं वाजवणं तेवढंच होतं. चौदा एप्रिलला गल्लीतल्या पोरांनी मोठाले स्पीकर लावले होते, प्रफुल्लदादा येणार का म्हणून मला दहा जणांनी विचारलं. आबांचा उजवा कानही आता पूर्ण गेला. शेठने त्यांना संच्यावरून काढून दारावर राखणीला बसवलं आहे. बहिऱ्याला राखणीला बसवणारा शेठ तू कुठे पाहिला नसशील. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन तुझी कॅसेट लावतात, बॉक्सशेजारी बसतात आणि त्यावर हात ठेवतात. शब्द नाही, सूर नाही, नुसता ठेका हाताला लागतो. तेवढंच त्यांना उरलं आहे.

म्हणून मी परवानगी देत नव्हते. भिक्खूला गाणं नाही, वाजवणं नाही. ज्या माणसाला जगात फक्त तुझं वाजवणं ऐकू येतं, त्याच्या तोंडातला घास मी कसा काढू द्यायचा? त्यांनी हो म्हटलं असेल, ते भोळे आहेत. विहारात भन्तेंसमोर मी असंच बोलले, आणि बायकांनी माझ्या बाजूने माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

परवा संध्याकाळी लाईट गेली. तुला ठाऊक आहे, लाईट गेली की आपल्या वस्तीतले सगळे संचे एकदम थांबतात आणि अशी शांतता पडते की पोरंसुद्धा रडायची थांबतात. मी मेणबत्ती शोधायला आत आले. पंखा थांबलेला, कॅसेट थांबलेली, आणि आबा बॉक्सवर हात ठेवून मान डोलावत बसलेले. बिचाऱ्याला आता हातालाही कळेनासं झालं, असं वाटलं. मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि थांबलेल्या पंख्याकडे बोट केलं. त्यांनी डोळे उघडले आणि हसले. "लाईट गयी, माले ठाऊक शे," म्हणाले. मग तळहात उघडून माझ्यासमोर धरला. "गानं हातमा शे मना." आणि पुन्हा डोळे मिटून डोलायला लागले. एकदाही ठेका चुकला नाही.

त्या अंधारात त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मला कळलं की घास त्यांच्या तोंडातला नव्हता, माझ्या होता. त्यांचं गाणं त्यांच्याजवळ आहे. तू काहीही सोडलंस तरी ते जात नाही. मीच इतकी वर्षं कानात कापूस घालून बसले, आणि आता कापूस काढावा तर तू वाजवायचा थांबलास. आबांच्या बहिरेपणामागे मी लपले होते. बाळा, मलाच तुला सोडवत नव्हतं.

तर भन्तेंना हे वाचून दाखव. मी, केशरबाई श्रीपत बैसाणे, प्रफुल्लची आई, माझी राहिलेली परवानगी देते. मनापासून देते असं लिहिणार होते, पण तू खोटं न बोलण्याचं व्रत घेतो आहेस, मग तुला खोटं कसं लिहू? मनाला विचारलं तर ते नाही म्हणेल. त्याला न विचारता देते. चीवर घालून कधी डिंडोलीला आलास तर आधी मी वाकायचं आणि तू मला वाकायचं नाही, हे मला ठाऊक आहे. गुडघे दुखतात, तरी वाकेन. तुझ्या पात्रात वाढेन आणि वाढताना काही बोलणार नाही. तुला तिथे नवं नाव मिळेल, आणि पुढच्या पत्रात मी वर 'वंदामि भन्ते' लिहीन आणि खाली 'उपासिका केशरबाई' लिहीन. म्हणून आज वर प्रिय प्रफुल्ल लिहून इतका वेळ बसून राहिले, आणि म्हणून खालीही, तसं लिहिता येतंय तोवर, एकदा लिहून घेते.

तुझीच,
आई