बूट काढून आत येणारं पिशाच

अण्णा, तुमचा तो भिकार सिनेमा बडोद्यात पुन्हा लागलाय. भिकार हा शब्द माझा नाही, तुमचाच. आठवडाभरात तो उतरला तेव्हा "भिकार होता, संपला," एवढं आईला सांगून तुम्ही पेपर उघडला होतात, आणि त्यानंतर घरात त्याचं नाव काढायची कोणाची टाप नव्हती. आता मांडवीजवळच्या एका जुन्या हॉलमध्ये कॉलेजची पोरं तो दर महिन्याला लावतात आणि बसायला जागा मिळत नाही. पोरं खांद्यावर काळे पडदे टाकून येतात. तुमच्या चेहऱ्याचे टी-शर्ट निघालेत. एका मुलीच्या छातीवर तुम्ही दात विचकून उभे होतात आणि ती बाई आरामात शेवउसळ खात होती. मला वाटलं, जाऊन तिच्या अंगावर शाल टाकावी.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी तुमची माहिती सांगतात, अगदी देवाची सांगावी तशी. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधला फिटर, हौशी नाटकांत कामं करणारा, उंच, हाडकुळा, घोगऱ्या आवाजाचा. एका कापडाच्या दुकानदाराला सिनेमा काढायची लहर आली आणि रक्त पिणारा माणूस त्याला तुमच्यात सापडला. हे सगळं मला ऐकायला लागतं, तिकीट काढून, मागच्या रांगेत बसून. मीच त्या फिटरची एकुलती एक मुलगी, हे पहिले दोन-तीन खेळ कोणाला माहीत नव्हतं.

पोरांना त्यात काय आवडतं म्हणाल, तर जे जे फसलंय ते सगळं. वटवाघूळ छत्रीच्या कापडाचं आहे आणि त्याची दोरी दिसते. दिसली की अख्खा हॉल "दोरी!" म्हणून ओरडतो. तुमचे मेणाचे सुळे लाइटच्या उष्णतेने हळूहळू वाकतात. रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत, त्याला मुंग्या लागतात, आणि सूड घेण्याची शपथ घेता घेता तुम्ही मान खाजवता. पण सगळे थांबलेले असतात ते एकाच गोष्टीसाठी. पिशाच हवेलीच्या दाराशी येतं. आत ती मुलगी भिंतीला चिकटून किंचाळतेय. आणि तुम्ही, अण्णा, उंबऱ्याशी थांबता, खाली वाकता, बुटांच्या नाड्या सोडता, बूट भिंतीकडेला नीट जोडीने लावता आणि मग आत जाता. सवयीने झालं असणार. लोकांच्या घरात बूट घालून जायचं कसं? तेवढा वेळ ती बिचारी किंचाळतच राहते, कारण थांबा म्हणायचं कोणाला सुचलं नाही आणि पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती. मोज्याच्या भोकातून तुमचा अंगठा दिसतो. त्या क्षणी हॉलमधला प्रत्येक जण आपले बूट-चपला काढतो आणि टाळ्या वाजतात.

मला मात्र आतून नुसतं जळजळतं. कारण तो वाकलेला माणूस रोज संध्याकाळी आमच्या क्वार्टरच्या दारात वाकायचा. तेच बूट, तीच भिंत. फक्त आमच्याकडे त्यानंतर टाळ्या वाजत नसत, घर गप्प होत असे. आई रेडिओ बंद करायची. तुम्ही तोंड धुवून बसायचात आणि माझ्या वाट्याला दोन शब्द यायचे, "अभ्यास झाला?" झाला म्हटलं की संपलं.

एकदा आईने मला शूटिंगच्या जागी डबा घेऊन पाठवलं होतं. वर्कशॉपच्या पलीकडचा तो बंद बंगला. मी फाटकातून आत जाते तर अंगणात सगळे पोट धरून हसतायत, आणि मधोमध काळ्या झुलीत तुम्ही. एका हाताने सुळा धरून कुठल्याशा साहेबाची नक्कल करताय. ती हिरॉइन तर जमिनीवर बसून डोळे पुसतेय. माझे अण्णा माणसांना हसवतात, हे मला तेव्हा कळलं. मीही हसायला लागले. तुमचं लक्ष गेलं आणि तुमचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. "तुझं इथे काय काम? डबा ठेव आणि घरी जा." मी गेले. रस्ताभर मला तुमचा राग आला नाही बरं का, त्या हिरॉइनचा आला. अजून येतो.

तीही भेटली. नागरवाड्यात राहते, केस पांढरे झालेत, पण अजून नटी असल्यासारखी मान वळवते. मागच्या खेळाला पोरांनी तिला स्टेजवर आणलं. ती सांगत होती की ती फार घाबरायची, आणि मानेशी तोंड नेण्याआधी तुम्ही दर वेळी हळूच म्हणायचात, "बीक न राखती, दीकरी. वागे तो कहेजे." घाबरू नको, मुली, लागलं तर सांग. थर्मासमधला चहा आधी तिला द्यायचात म्हणे. "एवढा मायाळू माणूस मी जन्मात पाहिला नाही," म्हणाली. हॉल हेलावला. अण्णा, दीकरी? मला तुम्ही नावानेसुद्धा क्वचित हाक मारलीत. आणि तो थर्मास आमच्या घरचा होता, चहा आईने केलेला होता!

हे खेळ भरवणारी एक मुलगी आहे, चष्मेवाली, गुजराती. तिला मी त्याच खेळाच्या मध्यंतरात जरा फणकाऱ्यानेच विचारलं, की बाई, यात काय एवढं ठेवलंय? ती म्हणाली, मासी, चांगल्या सिनेमात भीती वाटते, पण करणाऱ्या माणसाची माया वाटत नाही. इथे सगळं पडतंय, वाकतंय, मुंग्या चावतायत, तरी हा माणूस मन लावून घाबरवतोय. आम्हाला तो आपला वाटतो. आपला! मग तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तुमचं नाक मला आलंय, ते लपत नाही. "मासी, तमे एमनी दीकरी?" तुम्ही त्यांची मुलगी?

हो म्हणाले. काय करणार? हाताला धरून तिने मला थेट स्टेजवर नेलं, त्या नटीच्या शेजारी उभं केलं आणि माईक दिला. सगळी पोरं अनवाणी बसलेली. कोणीतरी ओरडून विचारलं, मासी, घरी पण ते असेच होते?

मी सांगितलं. रविवारी दुपारी आई झोपली की अण्णा मानेभोवती टॉवेल बांधायचे, स्वयंपाकघरातून दबक्या पावलांनी यायचे आणि माझ्या दाराशी थांबून घोगऱ्या आवाजात विचारायचे, "आत येऊ का?" मी नाही म्हणायचे. मग ते रडवेलं तोंड करून पुन्हा विचारायचे, फार भूक लागलीय हो, आत येऊ का? मी पुन्हा नाही. असं खूप वेळ चालायचं. हॉल वेडा झाला. नटीचा चेहरा उतरला. हे तर त्यांनी मला कधी सांगितलं नाही, असं पुटपुटली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, आयुष्यात वाटलं नव्हतं.

आता पुढच्या खेळाला मला पुन्हा बोलावलंय, तीच गोष्ट सांगायला. मी जाणार आहे. आई नाही, खोटं म्हणायला घरातलं कोणी उरलेलं नाही. हे पत्र पाठवण्यासारखी जागा असती तरी मी पाठवलं नसतं, कारण तुम्ही वाचलं असतंत आणि "असं काही झालं नव्हतं" एवढं म्हणून पेपर उघडला असतात. झालं नव्हतंच, मला ठाऊक आहे. पण काल दुपारी मेथी निवडत बसले होते, आणि एकदम आठवलं की तो टॉवेल निळ्या पट्ट्यांचा होता. हे मी स्टेजवर सांगितलं नव्हतं, अण्णा. मग हातातली जुडी खाली ठेवून मी कितीतरी वेळ दाराकडे बघत बसले. तुम्ही विचारत होतात आणि मी नाहीच म्हणत होते, म्हणजे तुम्ही आणखी एकदा विचाराल.