खरं, की शॉटपुरतं?

ता. ४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

आम्ही दोघी जिवंत आहोत. तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहायला बसले. माझी शाळा चौथीत संपली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. वाचता येतंय ना, मग झालं. फोनवर बोलावं तर इथे तो दारावरच काढून घेतात, सिनेमातलं काही बाहेर फुटू नये म्हणून. संध्याकाळी हातात देतात तेव्हा तू वॉर्डात असतेस.

तुझी लेक सिनेमात काम करते आणि मी बसण्याचं काम करते. विमान मावेल एवढी पत्र्याची शेड आहे, तिच्यात ती जादूगारांची शाळा उभी केलीय. पुढून दगडी भिंती, खांब, उंच उंच खिडक्या. मागे गेलं की नुसती फळकुटं, खिळे आणि टेकू. वरून देखणी आणि आतून भुसा. आपल्या नात्यातही अशी माणसं आहेत, नावं घेत नाही. या शाळेतली पोरं मंत्र शिकतात आणि बाकांवर बसून उडतात. उडतात म्हणजे काय, तर बाक लोखंडी दांड्यावर चढवतात, खालून गडी दांडा हलवतात, समोरून हा मोठा पंखा सोडतात, आणि पोरांनी हसायचं. तुझी भिंगरी पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी ओकली. आता नुसती बसते आणि सांगितलं की दात दाखवते.

प्रत्येक पोराच्या घरचं एक माणूस त्याच्या नजरेच्या टप्प्यात बसलं पाहिजे असा नियम आहे. म्हणून मला घडीची खुर्ची मिळालीय. बसले की गुडघे कुरकुरतात, उठले की खुर्ची. भिंगरी दर थोड्या वेळानं मान वळवून बघते, मी आहे का. आहे म्हणून मी हात वर करते. एवढंच माझं काम.

आता मुद्द्याचं. कंपनीच्या बाईनं पुढच्या भागांचा करार तुला पाठवलाय. पोर मोठी होईपर्यंत दरवर्षी एक सिनेमा. सही आईची लागते आणि उत्तर लवकर हवंय. मला विचारशील तर मी थकले. पण माझ्या थकण्यावर पोरीचं आयुष्य ठरवू नकोस, स्वतःचं डोकं लाव. बाळाला पाजून झालं की लगेच आडवं टाकू नकोस. तू नर्स असलीस तरी सांगते.

जावईबापूंना आठवण. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
आई

ता. ११ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ड्युटीवरून येऊन उभ्याउभ्याच वाचलं. नात्यातल्या माणसांबद्दल लिहिलंस ते सासूबाईंबद्दल असेल तर कळवते, की त्यांनी ते माझ्याआधी उघडून वाचलं होतं. तेव्हापासून माझ्याशी गोड बोलतायत. पुढच्या पत्रात आणखी दोन ओळी घाल.

आई, मी सही करावी म्हणते. तू कपाळाला आठ्या घालशील. पण भिंगरी कशी होती ते आठव. बाईंनी हजेरीत नाव घेतलं तरी रडायची, पाहुणे आले की दारामागे. त्या पोरीला एवढ्या मुलांतून कुणीतरी निवडलं. वॉर्डात बायका मला विचारतात की सिनेमातल्या मुलीची आई ती तुम्हीच का, आणि माझी मान जरा वर होते. त्यात खोटं काय सांगू. मी दिवसभर दुसऱ्यांच्या उशा सरळ करते आणि घरी येऊन स्वतःची सापडत नाही. तिनंही तेच करावं असं मला वाटत नाही. थकायचं तर सगळीकडेच आहे. तिथे निदान कुणी बघतंय तरी.

तू एवढा सिनेमा निभावून ने. पुढच्या वेळी मी रजा काढीन, नाहीतर हे येतील. आणि एक विनंती, तिथे कुणाशी भांडू नकोस. मला दांडे आणि टेकू नकोत. पोर खाते का, झोपते का, ते लिही.

बाळ कुशीवर होतं आणि तिथेच अडकून ओरडतं. अगदी तुझ्या खुर्चीसारखं.

तुझ्या मायेवर इथले दिवस ढकलतेय, ती कमी करू नकोस.
तुझी धाकटी

ता. २० ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

भांडू नकोस असं तू लिहिलंस, पण पत्र पोचायच्या आधीच भांडण उरकलं होतं. भिंगरीच्या डोक्यात उवा झाल्या.

जादूगार म्हटलं की टोकदार टोपी आली. आतून लोकरीचं जाड अस्तर. संध्याकाळी सगळ्या टोप्या एका पेटाऱ्यात फेकतात आणि सकाळी हाताला येईल ती डोक्यावर. शाळा जादूची असो की साधी, ऊ तिथली इथली सारखीच. कपडेवालीला सांगितलं तर म्हणाली की आमच्या टोप्या स्वच्छ आहेत, तुम्हीच घरून आणल्या असतील. मी म्हटलं, आमच्या घरच्या उवा गरीब आहेत हो, एवढ्या मोठ्या शेडीत यायला त्या घाबरतात. त्यावर तिनं पेटारा पायानं आत सरकवला.

पोर खाजवून खाजवून रक्त काढायला लागली. औषध आणलं, लावलं. पण वाऱ्यात वेण्या ताठ राहाव्यात म्हणून रोज कसला तरी चिकट फवारा मारतात, त्या केसांत फणीच शिरेना. एकेक बट सोडवत बसले. माझे हात भरून आले आणि तिचं रडू थांबेना. शेवटी कात्री घेतली आणि कानापर्यंत साफ केलं. न्हाऊ घातलं. पोर टॉवेलातच झोपली.

मी काय करून ठेवलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. सिनेमा काही सलग काढत नाहीत. भिंगरी वर्गाचं दार उघडते, तेवढं आधीच काढून झालं होतं, दोन लांब वेण्यांसकट. दाराच्या आत येते ते आता काढायचं होतं. म्हणजे दार उघडणार वेण्यांची पोर आणि आत शिरणार बोडकी. शेडीतले सगळे असे डोक्याला हात लावून बसले, की कुणी गेलंय असं वाटावं. टोप आणला, पण टाळू सोललेली, पोर हात लावू देईना. मला वाटलं, सुटलो. बॅगेत कपडेसुद्धा टाकले. बरं वाटलं म्हणून लिहिते.

तर दिग्दर्शक हसायला लागला. तो तसा मऊ बोलणारा माणूस आहे, पोरांशी बोलताना उकिडवा बसतो. म्हणाला, शाळा जादूची आहे, मग अडलंय कुठे. पोर दारातून आत पाऊल टाकते, त्याच वेळी वर्गात कुणाचा तरी मंत्र चुकतो आणि हिच्या वेण्या जळून जातात. असं त्यानं तिथल्या तिथे लिहून घेतलं. मागच्या रांगेतली चार वाक्यांची पोर आता सगळ्या वर्गाच्या मधोमध उभी. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता कंपनीची बाई मला वाकून चहा विचारते.

खाते बरं. झोपते. तुझी माया पोचली, परतफेड करते आहे.
आई

ता. २६ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ड्युटीच्या खोलीत वाचून दाखवलं. सगळ्याजणी पोट धरून हसल्या. आमच्या मेट्रननं विचारलंय की भिंगरीच्या आजींची कात्री भाड्यानं मिळेल का. तिच्या मुलाचं कुठे काही जमत नाही.

आई, हा कौलच समजायचा. कापायला गेलीस तर वाढलं. मी करारावर सही केलीय. कागद पाकिटात घालून कपाटावर ठेवलाय, पण अजून टाकला नाही. तुझा होकार आला की टाकते. तिथे खुर्चीत तू बसलीयस, तुला डावलून टाकवेना.

भिंगरीला सांग की बाळ आता पुरतं उलटं पडायला लागलं. आणि तो मोठा प्रसंग कसा झाला ते लगेच कळव. मला झोप नाही.

तुझा हात पाठीवर असाच असू दे.
तुझी धाकटी

ता. ३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

पाकीट टाकू नकोस.

प्रसंग झाला. वेण्या जळतात आणि पोर रडते, असं होतं. भिंगरीला रडू येईना. येणार कुठून, केस गेल्याचा तिला आनंदच होता, डोकं हलकं झालेलं. पुन्हा पुन्हा काढलं. डोळ्यात औषध घालून बघितलं, नुसते लाल झाले. दिवे तापलेले, पोरं जांभया देतायत. मग कंपनीच्या बाईनं मला कसल्याशा कामाला ऑफिसात बोलावलं. मी खुर्ची सोडून गेले. तिथे बसवून ठेवलं आणि काम काही सांगेनात.

तेवढ्यात इकडे दिग्दर्शक भिंगरीपुढे उकिडवा बसला आणि मऊ आवाजात तिला सांगितलं, की तुझी आजी जिन्यावरून पडली, शुद्धीवर नाही, गाडीतून नेलंय. पोरीनं वळून बघितलं. खुर्ची रिकामी.

मी परत आले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. भिंगरी मधोमध उभी होती, तोंड रडून सुजलेलं. मला वाटलं धावत येईल. आली नाही. लांबून बघत राहिली, मी कोण आहे ते ओळखू येत नसल्यासारखी. कुणी काय सांगितलं ते मला दुसऱ्या पोराच्या आईकडून कळलं. मग मी दिग्दर्शकाला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, तुझ्या सासूबाई वाचतात. तो शांतपणे म्हणाला की लहान मुलांकडून काम असंच काढून घ्यावं लागतं, सगळीकडे चालतं, आणि मुलं विसरतात.

ही विसरली नाही. आता काहीही सांगितलं की विचारते, हे खरं, की शॉटपुरतं. जेवण आलंय म्हटलं तरी विचारते. बाळ उलटं पडतं असं सांगितलं तर म्हणाली, मला हसवायला सांगतेयस. काल खुर्चीतून उठताना माझ्या गुडघ्यात कळ आली, मी कण्हले. तिनं आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, आजी, आता कॅमेरा बंद आहे, कशाला करतेस.

रडत नाही आता. मान वळवून खुर्चीकडेही बघत नाही. वाक्यं चोख म्हणते, सांगितलं तिथे उभी राहते. सगळे म्हणतात, पोर किती गुणी झाली. तू नर्स आहेस, दुखणं बंद झालं की प्रत्येक वेळी माणूस बरंच झालेलं असतं का ते तुला ठाऊक.

आम्हाला विसरू नकोस.
आई

ता. ९ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सही खोडली. त्याच पाकिटातून कागद परत पाठवला. आमची मुलगी पुढे काम करणार नाही, एवढंच लिहिलं. कारण लिहायला बसले होते, पण तीनदा खोडलं आणि अक्षर तुझ्यासारखं यायला लागलं.

त्या माणसाला शिव्या घालाव्यात म्हटलं, तर त्याही पुऱ्या घालता येईनात. आम्हीही मुलांना दुखणार नाही म्हणतो आणि सुई टोचतो. ती रडतात, मी गोळी देते आणि पुढच्या खाटेकडे जाते. कुणाचा विश्वास किती दिवस उडाला ते मी कधी बघितलं नाही. काल इंजेक्शनच्या वेळी एका मुलाला मी म्हटलं, दुखेल. तो आधीच ओरडला आणि डॉक्टर मलाच रागावले.

हे म्हणाले, आत्ताच उचलून आणू. पण हातातला सिनेमा शब्द दिलाय म्हणून पुरा करावा लागेल. तिचं काम २२ तारखेच्या शनिवारी संपतंय असं कंपनीनं कळवलंय. मी शनिवारची रजा मागितली आणि मिळाली. बाळ सासूबाईंकडे राहील. तिला सांग, मी स्वतः न्यायला येते.

तोवर तिला सांभाळ, आणि तिच्यापाठोपाठ स्वतःलाही.
तुझी धाकटी

ता. १४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र भिंगरीला वाचून दाखवलं. तिनं कागद हातात घेतला, मागून पुढून बघितला आणि म्हणाली, असं काहीही लिहिता येतं.

कागद परत आल्यावर दिग्दर्शक आमच्या खोलीवर आला होता. पुढच्या सिनेमात तिला केवढं मोठं काम लिहिणार होतो ते सांगत होता. मग तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला की माझं चुकलं, मला फार वाईट वाटतंय. डोळेही भरले होते. खरंच वाटत असेल, मला काय ठाऊक. भिंगरीनं त्याला नीट निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, हा काम बरं करतो. तो उठला आणि गेला. मला त्याची दया आली नाही. रागही फार आला नाही. मी दमलेय गं.

तर आता माझं ऐक. शनिवारी ये. जावईबापूंना पाठवू नकोस. बाळाला ताप आला, गाडी चुकली, मेट्रननं थांबवलं, असला निरोप धाडू नकोस. कारण खरं असलं तरी धाडू नकोस. खरं कारण आणि खोटं कारण सध्या तिला एकाच मापाचं. ठरल्या वेळी तू तिथे दिसलीस तर एक गोष्ट खरी निघाली, एवढं तिच्या हिशेबी जमा होईल. पुढचं पुढे, हळूहळू.

दुपारी काम संपलं की मी तिला घेऊन फाटकापाशी उभी राहते. तू लांबून हाका मारू नकोस, रडू तर मुळीच नकोस, तुझ्या रडण्यावरही तिचा विश्वास बसायचा नाही. नुसती उभी राहा. ती धावत येणार नाही. थांबेल, बघेल, जवळ येऊन तुझ्या हाताला हात लावून बघेल. कितीही वेळ लागू दे. बघू दे तिला.

या खेपेस लोभ पत्रातून पाठवू नकोस. समक्ष घेऊन ये.
आई