पांढरं पिल्लू

ताडकळस,
२१ एप्रिल १९८५

ती. दादास,
हेमाचा नमस्कार.

तुझी लग्नपत्रिका आणि आईची चिठ्ठी परवा पोचली. तिचे गुडघे दुखतात म्हणे; एरंडाचं पान शेकून बांध म्हणावं. आमचं बरं आहे. माझ्या बालवाडीत बावीस पोरं येतात. मनकर्णा चार वर्षांची झाली. उन्हात तिला डोळे उघडवत नाहीत, म्हणून अंगणात सकाळीच सोडते.

वधूचं नाव दोनदा वाचलं. विमल. अप्पामामाची विमल, माझी नणंद.

तू पाळलेले ते बिनविषारी, पट्ट्यांचे तस्कर साप आठवतात? पिंगळीच्या स्टेशनामागं सापडलेली ती पांढरी मादी, लाल डोळ्यांची? साध्या नराजवळ ठेवलीस, तर नऊच्या नऊ पिल्लं पट्ट्यांची निघाली. मी म्हणाले, "पांढरा रंग गेला." तू नुसता हसलास. पुढं त्याच पिल्लांतली भावंडं एकत्र ठेवलीस. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीनं तुझी शाळा बंद होती, तेव्हा आठ अंड्यांतून दोन पांढरी बाहेर आली.

"गेला नव्हता, दडून बसला होता," तू म्हणालास. "आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाच घरातले जोडे लावले की लवकर वर येतो."

दोन वर्षांनी, वडिलांमागं, तूच माझं लग्न मामाच्या मुलाशी लावलंस. सापांचं ते माणसांनाही लागू होतं हे मला उमजलं नव्हतं. तू तर विज्ञान शिकवतोस.

मनकर्णा जन्मली ती दुधासारखी पांढरी. सासरी, पोखर्णीच्या बैठकीत मामी म्हणाली, "आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई. हिच्याच रक्तात खोट हाय." मी तुझ्याकडं बघितलं. 'दोन्हीकडून येतं' एवढंच म्हणायचं होतं. तू सुपारी कातरत बसलास. माझी पेटी गाडीत ठेवली गेली. निघताना लेकराला फक्त विमलनं उचललं. "वैनी, लय गोड हाय," म्हणाली.

इतकी वर्षं वाटायचं, तू मामाला घाबरलास. आईनं लिहिलंय, 'चार वर्षांपूर्वी मामानं दिलेला शब्द आता पुरा होतोय.' म्हणजे त्या बैठकीतच तुझी नवरी ठरलेली होती.

काल पोखर्णीला गेले. नरसिंहाच्या देवळात विमल भेटली. तिला सगळं सांगितलं. तुमचं लेकरू पांढरं निघेलच असं नाही, निघूही शकतं, हेसुद्धा.

तिनं एकच विचारलं, "त्यान्ला हे तवाच ठाऊक होतं?"

"होतं."

ती पायरीवरून उठली. "मंग माझ्यासमोर येऊन सांगा म्हणावं. बाबा आन् आई बसलेले असताना."

लग्नाला बारा दिवस आहेत. मी येणार नाही. तू मात्र पोखर्णीला जा, आणि या वेळी तोंड उघड.

मनकर्णाची आई,
हेमा