दहा बाय पाचचा चौकोन

मोखाडा,
८ नोव्हेंबर २००९

प्रिय हर्षदा,

तू पाठवलेलं कॅलेंडर मिळालं. बारा महिन्यांची बारा चित्रं, सगळी आभाळातून काढलेली, आणि नोव्हेंबरच्या पानावर नेमका आपला ठाणे जिल्हा. आई चष्मा लावून अर्धा तास जव्हार शोधत होती. जव्हारचं नाव तुम्ही छापलंय, मोखाड्याचं नाही. सूर्यमाळच्या जागी जो मातकट रंग आहे, त्याच्यापुढे खालच्या सूचीत लिहिलंय, 'पडीक व गवताळ'. ते वाचून माझं जे डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही. फोन केला असता, पण मोबाईलला रेंज येते ती एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर, आणि तिथे उभं राहून घरचं बोलायचं म्हणजे अर्धा तालुका ऐकणार. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून हे पत्र.

तुला सुकरी आठवते का? सूर्यमाळच्या पलीकडच्या पाड्यावरची, डोक्याला फडकं बांधणारी म्हातारी. २००४चा ऑगस्ट. तू तेव्हा तुमच्या केंद्रात नवीन, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि अख्ख्या देशात धान्य किती पिकणार ते कापणीच्या आधीच वरून बघून सांगायचं, या कल्पनेने इतकी झपाटलेली, की जेवताना ताटाभोवती मिठाची वाटी फिरवून आईला उपग्रह समजावत होतीस. डोंगराळ भागातल्या पिकांची चाचणी म्हणून जे तुकडे निवडले गेले, त्यात एक आमच्या तालुक्यात निघाला, आणि इथला कृषी सहायक तुझाच सख्खा भाऊ. बहीण आभाळातून बघते आणि भाऊ खाली चिखल तुडवतो, अशी ऑफिसात माझी चेष्टा व्हायची. मला ती आवडायची, हे तुला कधी सांगितलं नाही.

सुकरीच्या उतारावर नागली नुकती लावून झाली होती. तू अक्षांश-रेखांश दाखवणारं हातातलं यंत्र वर धरून सादड्याच्या झाडाखाली पंधरा मिनिटं उभी, यंत्राला उपग्रह सापडेना, आणि शेवटी सुकरीनेच तुला दंडाला धरून उघड्यावर आणलं. मग तिने तुला खेकड्याचं कालवण आणि नागलीची भाकर वाढली, आणि तू जेवत असताना विचारलं, "आभालातून आमची नागली दिसते, तं मंग उन्हाल्यात आमची हीर कोरडी पडते ती नाय दिसत?" तू ते वहीत लिहून घेतलंस. विहीर अजून मार्चमध्ये कोरडी पडते. तुझी वही कुठे आहे, कोण जाणे.

जेवण झाल्यावर आपण दोघांनी चौकोन आखला. दहा मीटर बाय पाच मीटर, चार कोपऱ्यांना चार खुंट्या, खुंट्यांची डोकी लाल रंगवलेली, भोवती सुतळी. पीक तयार झालं की मी जाऊन तेवढाच तुकडा कापायचा, झोडायचा, वजन करायचं आणि तुला कळवायचं. तसले शेकडो चौकोन आणि उपग्रहाची चित्रं जुळवून तुम्ही देशाचा आकडा काढणार. मी सुकरीला बजावलं, की मी येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही, सरकारचं काम आहे. तिने मान डोलावली. हे वाक्य मी दर पावसाळ्यात वीस जणांना ऐकवतो.

त्या डिसेंबरात तुझं पत्र आलं होतं, चार पानी, अक्षर आनंदाने वाकडंतिकडं झालेलं. तुमचा अंदाज आणि खालून आलेली वजनं जुळली, तुझं नाव अहवालात छापलं, नोकरी कायम होण्याची फाईल पुढे सरकली. आमच्या तालुक्याचा आकडा तर इतका चोख बसला, की तुमच्या मोठ्या साहेबांनी हा मोखाड्याचा माणूस कोण म्हणून विचारलं. आईने पेढे वाटले. मला उगाचच तुझ्या सातवीतलं पर्जन्यमापक आठवलं. तू तापाने फणफणलेली, आणि शाळेच्या तक्त्यातले तुझे आठ दिवस कोरे राहिले होते. मी ते खिडकीतून बाहेर बघत भरून टाकले. एका दिवशी बेचाळीस, एका दिवशी सतरा. तुला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं आणि आपण दोघं किती हसलो होतो!

आता मुद्द्याचं. वनहक्काचा कायदा आला हे तुला ठाऊक असेलच. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो जंगलजमीन कसतो आहे, त्याच्या नावावर ती करायची. सुकरीने दावा केला, दीड एकराचा. तिच्या सासऱ्यापासून ती जमीन त्यांच्या ताब्यात आहे, पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी तसे जबाब दिलेत. जंगलजमीन कसल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या होत्या, त्या गळक्या घरात कुजून गेल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एक दिवस फाईलला तुमच्यासारख्याच कुठल्या तरी केंद्राचा रंगीत नकाशा जोडलेला आला, २००५च्या ऑक्टोबरचा. त्यात सुकरीच्या दीड एकरावर गवत. पीक नाही, म्हणजे ताबा नाही. २४ तारखेला जव्हारला शेवटची सुनावणी आहे. त्यात काही नवीन पुढे आलं नाही तर दावा फेटाळणार, हे मला तिथल्या साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं. सुकरीकडे दुसरी वीतभर जमीन नाही.

तेव्हापासून दोन महिने मी तुमच्या त्या उपग्रहाशी भांडतो आहे. हसू नकोस. मी साहेबांना तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं, की बाबांनो, पावसाळाभर तुमच्या उपग्रहाला इथे ढगांखेरीज काही दिसत नाही. ऑक्टोबरात आभाळ उघडतं तेव्हा नागली पिकून पिवळी आणि बांधाचं गवतही पिवळं. दोन पिवळ्यांतला फरक मला वीस पावलांवरून कळायला वेळ लागतो, तो आठशे किलोमीटरवरून कसा कळणार? हे तूच मला शिकवलं होतंस. तुझीच वाक्यं मी तीन अर्जांत वापरली. साहेब म्हणाले, भाऊसाहेब, यंत्र खोटं बोलत नाही. मी म्हणालो, यंत्राला नागली म्हणजे काय ते माहीत तरी आहे का? निवडणुकीची ड्युटी, दाव्यांची पडताळणी, वरून आलेले नमुना अ, ब आणि क, या सगळ्यांनी नाकीनऊ आलेले, त्यात ही झोंबाझोंबी. तुझ्यावरही वैतागलो. फोनवर तू थंडपणे म्हणालीस, दादा, आधी त्या वर्षी तिथे खरंच काय होतं ते विचार ना. मी फोन ठेवून दिला. तू रागावली असशील, पण माझा राग त्याहून मोठा होता.

गेल्या रविवारी मात्र वर गेलो. मनाशी म्हटलं, सुकरीचा एक पक्का जबाब घेऊ, २००५ला नागली होती म्हणून, आणि तो तुमच्या नकाशाच्या तोंडावर फेकू. नागलीची कापणी चालू होती. सुकरीची सून तुळशी आणि नात सपना खाली बसून कणसं खुडत होत्या. आणि हर्षदा, त्या पिकाच्या मधोमध कमरेएवढ्या गवताचा एक चौकोन उभा होता. दहा बाय पाच. टेप लावायची गरजच पडली नाही. तुमच्या उपग्रहाला तो दिसणार नाही, तेवढा लहान आहे. मला मात्र दुसरं काही दिसेना.

मी सुकरीला विचारलं, २००५च्या पावसात इथे काय होतं. ती म्हणाली, काही नव्हतं. गवत होतं. सगळ्या दीड एकरात गवत होतं. म्हणजे तुम्हा लोकांचा नकाशा बरोबर आहे. का, म्हणून विचारलं तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिची परीक्षाच घेतोय. "तुमीच तं सांगलंत, येईपावत हात लावाचा नाय. तुमी नाय आलात. आमी नाय लावला." चौकोनातली नागली तिने २००४ला उभीच सोडली, ती पाखरांनी खाल्ली. पुढच्या पावसाळ्यात खुंट्या तशाच. तिच्या सासऱ्याच्या वेळी जंगलखात्याने अशाच लाल खुंट्या ठोकल्या होत्या आणि पुढच्या सालात तिथे साग लागला, त्याच्या अर्ध्या जमिनीवर. तेव्हा खुंट्यांच्या आत पाऊल टाकलं म्हणून त्याला दोन दिवस बसवून ठेवलं होतं. सुकरीने ओळखलं की आता उरलेली जमीनही गेली, आणि त्या पावसात तिने काही लावलंच नाही. कोणाला विचारायला आली नाही. विचारून काय उपयोग, असं तिला वाटलं. त्या साली घरात नागली नाही म्हणून सगळे दसऱ्यालाच वीटभट्टीवर गेले आणि सपनाची दुसरी बुडाली. पुढच्या साली तुळशी हट्टाला पेटली आणि तिने नांगर घातला, म्हणून जमीन पुन्हा पिकाखाली आली. पण चौकोनात सासूने तिलाही जाऊ दिलं नाही. आज पाच वर्षं झाली.

मी भांडायला गेलो होतो. खाली येताना मला रस्ता दिसत नव्हता, इतकी लाज वाटत होती.

आता जे तुला पाच वर्षं सांगितलं नाही ते सांगतो. २००४च्या त्या ऑक्टोबरात मी चौकोन कापायला गेलोच नाही. १२ तारखेला मी मतदानाची यंत्रं घेऊन डहाणूच्या बाजूला जीपमध्ये बसलो होतो, आणि त्यानंतरचा आठवडा त्याच कामात गेला. मग तुझा फोन आला. दादा, आकडा दे, दिल्लीला पाठवायचाय, आमचा अंदाज हेक्टरी दहा-साडेदहा क्विंटल येतोय. तू एवढं बोललीस आणि मला उत्तर आयतं मिळालं. मी टेबलाशी बसून लिहिलं, पाच किलो दोनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम खरं वाटावं म्हणून. कापणीची तारीख १२ ऑक्टोबर, 'समक्ष कापणी केली', खाली माझी सही. तुझ्या पर्जन्यमापकाचे आठ दिवस भरताना जेवढा वेळ लागला होता, तेवढाही लागला नाही. आकडा जुळणारच होता गं, तो तुझाच होता. सुकरीकडे जाऊन खुंट्या उपटाव्यात, तिला सांगावं की झालं काम, हे डोक्यातच आलं नाही. कागद पुरा झाला होता.

हे पत्र कशासाठी, ते आता लिहितो. त्या चौकोनाचा मूळ फॉर्म तुमच्या केंद्राच्या कपाटात असणार, २००४चा. पुढच्या बाजूला सुकरीचं नाव, तिचा अंगठा, जागेचे अक्षांश-रेखांश, तुझ्या हातची नकाशाची रेघ. तिची नागली तिथे उभी होती, याचा सरकारी शिक्का असलेला तेवढा एकच कागद या जगात आहे. पण २००४ सिद्ध झालं तरी २००५चं गवत उरतंच, आणि ते का उगवलं हे सांगणारा पुरावा, ती माझी खोटी तारीख, फॉर्मच्या मागच्या बाजूला आहे. म्हणून मला दोन्ही बाजूंची साक्षांकित प्रत हवी आहे. मागच्या बाजूला माझ्या सहीखाली 'पडताळणी केली' असं लिहून तू सही केलीस, भावावर विश्वास ठेवून, हे मी विसरलेलो नाही. तुला विचारणा होईल. तुझ्या त्या पहिल्या अहवालाकडे लोक वाकड्या नजरेने बघतील. मला काय होईल ते माझं मी बघेन. माझा जबाब लिहून झाला आहे आणि २४ तारखेला तुझा कागद आला नाही तरी मी तो देणार आहे. नुसत्या माझ्या शब्दावर सुकरीची जमीन वाचेल का, हे मात्र मला सांगता येत नाही. मला सांभाळायला म्हणून एकच बाजू पाठवू नकोस. आईला मी सगळं सांगितलंय. संध्याकाळी ती म्हणाली, पत्र टाकलंस का?

त्या चारही खुंट्या आता माझ्या टेबलावर आहेत. सैल होऊन पडायला लागल्या तेव्हा सुकरीने त्या काढून घरात कणगीमागे जपून ठेवल्या होत्या, सुतळीची गुंडाळी करून. सरकारची वस्तू हाय, मोजून घ्या, म्हणाली. मी मोजून घेतल्या. निघताना तिने त्या गवताकडे हात केला आणि विचारलं, "सायेब, आता हात लावला तं चालंल ना?"

तुझाच, ज्याला तू अजून दादा म्हणावंस असं वाटतं तो,
मधु