साहेबांना दिलेला तांब्या विहिरीचा नमुना समजला गेल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जनुकीय जंतू-तपासणी कक्ष, खालापूर.

विषय : उंबराच्या वाडीच्या विहिरीचे पाणी पुन्हा तपासणे व टँकर सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपला अहवाल, "पाणी निर्दोष".

महोदय,

अर्जदार मोतीबाई, राहणार उंबराची वाडी, पळसदरीच्या वर, सविनय व थोड्या रागाने कळवते की,

१. वाडीत जुलाबाची साथ आली. अर्जदाराची सून मंगळी दवाखान्यात पडली. आपण तिच्या विष्ठेतील जंतूची जनुके वाचून कॉलरा ठरवला, शिवाय जंतूचे भाऊबंद कुठकुठे नांदतात तेही सांगितले. धन्य आहे! अर्जदाराच्या नातवाचा जातीचा दाखला पणजोबाच्या पुराव्यावाचून अडला आहे. जंतूची वंशावळ मात्र आठवड्यात निघाली.

२. पाण्याच्या नमुन्यासाठी आपले श्री. धनेश आले. विहीर खाली ओढ्याला, उतार निसरडा. ते ओट्यावरच टेकले व "पाणी आणा गं" म्हणाले. दारी आलेल्याला साथीत कच्चे पाणी देण्याची आमच्यात रीत नाही. स्वतः आम्ही तेच पितो, कारण भिजके सरपण भातालाही पुरत नाही. अर्जदाराने उकळून, गाळून, गार केलेला तांब्या पुढे केला. "विहिरीचंच ना?" "व्हय, दुसरं कुठलं असनार?" साहेब अर्धे प्यायले, अर्धे बाटलीत भरले. वाटेत तहान लागेल म्हणून असेल, असे अर्जदाराला वाटले.

३. यंत्राने खरे तेच सांगितले : या पाण्यात जंतू नाही. त्यावरून कक्षाने ठरवले की विहीर चांगली, वाडीच्या सवयी वाईट. अहवाल येईपर्यंत म्हणून सुरू केलेला टँकर बंद झाला आणि हात धुण्याचे पोस्टर लागले. कोणत्या पाण्याने धुवावेत, ते त्यात नाही. आजार रेड्याला, औषध पखालीला!

४. अर्जदाराने कार्यालयात येऊन घडले ते सांगितले. तेथील बाबू म्हणाले, जनुके खोटे बोलत नाहीत. फेरतपासणी हवी तर पाणी दूषित असल्याचा आमच्याच कक्षाचा अहवाल जोडा. म्हणजे तपासणीसाठी आधी तपासणी. काल शेजारची कोंडीही जुलाबाने आडवी झाली. तिला जोडले तर चालेल काय?

५. तरी कोणीतरी उतार उतरून खुद्द विहिरीतून पाणी घ्यावे, व तोवर टँकर पाठवावा. मंगळी उद्या घरी येते आहे. चुलीपाशी सरपणाची काडी उरलेली नाही. दारात पाय ठेवताच ती पाणी मागेल. तिला काय द्यायचे, तेवढे आजच कळवावे.

आपली, अजून तरी नम्र,
मोतीबाई पोशा मुकणे
दि. २१ ऑगस्ट