माझा दुखवटा आणि गोरक्षच्या कॅसेटी

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, ११ नोव्हेंबर २००३

प्रिय साडूबुवा, श्री. गोटीरामराव यांस लहानूचा सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे. ‘सर्व’मध्ये मीही धरावा. एरवी हे वाक्य आपण सवयीनं लिहितो, पण या खेपेला मुद्दाम दाबून लिहिलं आहे, कागदाच्या मागे उमटलं असेल. लताबाईंची तब्येत कशी आहे? काल मी फोनवर ‘मी लहानू बोलतोय’ एवढंच म्हणालो, तर तिकडून किंकाळी आली आणि फोन पडला. नंतर तीनदा लावला, कोणी उचलला नाही. (त्यांच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता.) म्हणून कांदे उतरवून देवळ्याला परत निघालेल्या भिकनच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतो आहे. अक्षर माझंच आहे, ओळखाल. माझी बातमी ऐकून तुम्ही म्हणे काल कापायचं कोंबडं सोडून दिलंत. आज भिकननं सांगितलं तेव्हा मन खरंच भरून आलं. आता कापायला हरकत नाही.

घडलं ते असं. तुम्हीच सुचवलेली देवळ्याची रूपाली आमच्या गोरक्षला पसंत, तिला गोरक्ष पसंत, राहिलं होतं फक्त तिच्या घरच्यांनी आमचं घर बघणं. रविवारी चारला येतो म्हणाले आणि वडील, काका, आत्या असे तिघं तीनलाच हजर. चंद्रभागा (तुमची मेहुणी, सुदैवानं अजून सौभाग्यवती) नुकतीच पोह्यांसाठी कांदे चिरून उठली होती. कांदे तुमच्याच शेतातले, त्यामुळे डोळ्यांना धारा. तिनं तोंड धुतलं, टिकली पाण्याबरोबर गेली आणि नवी लावायच्या आत दार वाजलं. सोफा उन्हात घातलेला, म्हणून पाहुणे सतरंजीवर बसले. समोरच्या भिंतीवर माझा फोटो, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा कंपनीनं काढून दिलेला. आता आमच्याकडे फुलांचा धंदा, आमची लेक शुभांगी बाजारासाठी ओवलेले हार दिसेल त्या खिळ्याला अडकवते. त्या दिवशी शेवंतीचा हार नेमका माझ्या खिळ्याला अडकवला होता. एवढं होऊनही निभावलं असतं हो. पण आतल्या खोलीत गोरक्षची कॅसेट चालू होती.

या संगीताला कोल्ड वेव्ह म्हणतात, म्हणजे थंडीची लाट. (आपल्याकडे ती आली की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तिकडे लोक तिकीट काढून ऐकायचे.) शहाण्णव साली अंबडला आमच्या कारखान्यात मशीन बसवायला लुसियाँ नावाचा फ्रेंच इंजिनियर आला होता. उंच, फिकट, तीन महिन्यांत एकदाच हसलेला. गोरक्ष तेव्हा तिथेच ॲप्रेंटिस. जाताना बॅगेत मावेना म्हणून लुसियाँनं बुटांच्या खोक्यातल्या वीस-बावीस कॅसेटी पोराला दिल्या आणि सगळा इतिहासही सांगितला. सत्तरचं दशक संपता संपता इंग्लंडातल्या पोरांनी गिटारी बडवून जो आरडाओरडा केला, तो ओसरल्यावर फ्रान्समधल्या पोरांना वाटलं, ओरडून तरी काय होणार? गावातले कारखाने बंद पडत होते, कामं नव्हती. तळघरात एखादा स्वस्तातला कीबोर्ड आणला, ढोल वाजवणारा मिळेना म्हणून तालाचं यंत्र आणलं (ते रुसत नाही, चहा मागत नाही), आणि त्या तालावर रेशनच्या रांगेत नाव सांगावं तशा आवाजात गायला लागले. ना आलाप, ना हुंदका. कॅसेटी घरीच भरायच्या, वरचा कागद झेरॉक्सचा, एकेकीच्या शंभर-दोनशे प्रती. लुसियाँही अशाच एका टोळीत कीबोर्ड वाजवायचा. पाच-सहा वर्षांत सगळं थंडावलं, पोरं नोकऱ्यांना लागली, मशिनी बसवत देशोदेशी हिंडू लागली. आता वीस वर्षांनी त्याच कॅसेटी लोक शोधत बसले आहेत. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गोरक्षला बेल्जियमच्या कोणा माणसाचं पत्र येतं, की बाबा, तुमच्या खोक्यात अमुक कॅसेट आहे का? आमच्या गल्लीत कोणी विचारत नाही आणि बेल्जियम विचारतं, याचा पोराला फार आनंद. तो आनंद चेहऱ्यावर दिसत नाही, कारण सात वर्षं हेच ऐकून चेहराही तसाच झाला आहे.

तर पाहुण्यांनी दारात ते संगीत ऐकलं, चंद्रभागेचे डोळे पाहिले, कपाळ पाहिलं, हार पाहिला आणि गोरक्षचा चेहरा पाहिला. तिघं खाली मान घालून बसले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. काकांनी गोरक्षच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “धीर धर भाऊ. आता तूच मोठा.” हे लग्नाबद्दल आहे असं समजून गोरक्ष लाजला आणि त्यानं मान आणखी खाली घातली. चंद्रभागेनं पोहे आणले, कोणी हात लावला नाही. चहा आणला. “नाय माय, आज नको,” आत्याबाई म्हणाल्या. वीस मिनिटं अशीच गेली, आत कॅसेटची बाजू संपेपर्यंत. मग तिघं उठले आणि ‘येतो’ न म्हणता निघून गेले. मी असतो तर हा घोटाळा झालाच नसता, पण मी त्या वेळी मळ्यात मोटर बंद करायला गेलो होतो. परत आलो तर चंद्रभागा फणफणत होती. “पोह्याला हात नाही, चहाला तोंड नाही, ‘येतो’ म्हणायची रीत नाही! इतकं काय वाईट आहे आपल्या घरात?”

खुलासा काल झाला. भिकननं टेम्पोतून रूपालीच्या वडिलांनी पाठवलेली पाटी उतरवली. त्यात पिठलं-भाकरी, टॉवेल-टोपी आणि चंद्रभागेसाठी फिकट साडी. माझा दुखवटा. मी स्वतःच सही करून घेतला. (पिठलं उत्तम होतं.) सोयरीक ठरायच्या आधीच दुखवटा पाठवणारी माणसं कुठे मिळतात हो? म्हणून तर जीव खालीवर होतो आहे. भिकन म्हणाला, घरात मयत झाली म्हणजे लग्न लांबणार, आणि रूपालीच्या आजीची थांबायची तयारी नाही. परवा गुरुवारी ओझरच्या कारखान्यातला मुलगा तिला बघायला येतोय. हे ऐकून गोरक्ष जेवला नाही. चेहरा तसाच होता, पण ताट तसंच राहिलं तेव्हा आम्हाला कळलं.

घरात सगळ्यांनी त्याला धारेवर धरलं. नाही नाही ते ऐकतो म्हणून चंद्रभागा बोलली, शुभांगी बोलली, मी तर फारच बोललो. त्यानं खोकं सुतळीनं बांधून माळ्यावर टाकलं. तेव्हा तुम्ही रूपालीच्या वडिलांना भेटून, मुलानं हा नाद सोडला, असं सांगावं. लताबाईंना धीर द्यावा. तुम्ही दोघं उद्या इकडे निघणार असं समजलं, तर जरूर या, फक्त गल्लीच्या तोंडापासून रडत येऊ नका.

तुमचा (हयात) साडू,
लहानू

ता. क. १ : टोपी मला बरोबर बसते. परत करायची रीत असेल तर कळवा, नसेल तर विचारलंच नाही असं समजा.

ता. क. २ : मी जिवंत आहे याला पुरावा म्हणून हे पत्र गुरुवारच्या आत त्यांना दाखवा, याचसाठी एवढं लिहिलं. मात्र हे शेवटचं पान आधी फाडून टाका. मी मळ्यात गेलो नव्हतो. आतल्या खोलीत दार लावून मीच ती कॅसेट ऐकत होतो, पाहुणे आल्याचं कळलंच नाही. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर उभा राहिलो, ठक, ठकठक, ठक. घरी बसल्यापासून इतकी शांतता, की कान दुखतात. जो येतो तो सांगतो, आता मजेत राहा, हसत राहा. ती कॅसेट काही सांगत नाही. मशीन चालू आहे आणि शेजारी कोणीतरी न बोलता आपलं काम करतो आहे, एवढंच. मला बरं वाटतं. चंद्रभागेला सांगू नका.

ता. क. ३ : गोरक्ष तेव्हा पाहुण्यांसमोर सतरंजीवर बसला होता, मग आत कॅसेट लावली कोणी, हे घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या आलं. मी ओरडत होतो तेव्हा त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हो दादा, माझंच चुकलं.” काल दुपारी माळ्यावरचं खोकं मी हळूच उतरवायला गेलो, तर सुतळीची गाठ त्यानं सुटेल अशी बांधलेली.

पान फाडू नका. रूपालीच्या वडिलांना आधी हेच दाखवा. पोरगा कसा आहे ते त्यांना कळू दे. आणि त्याचा बाप कसा होता, म्हणजे आहे, तेही.